लँडमास्टरच्या ब्लॉकला तडा: दापोली तालुक्यातलं एक साइड व्हॉल्व्ह प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी हिंदुस्थान लँडमास्टर, १९५६ सालची. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका घरातली. घरातले आजोबा डॉक्टर होते आणि रात्री-अपरात्री पेशंटकडे जायला त्यांनी ती घेतली होती. आता मालक म्हणजे त्यांचा नातू. तो नोकरीसाठी पुण्याला असतो आणि गावच्या घरी त्याची आई राहते. नाव-गाव लिहायचं नाही, एवढं सोडलं तर बाकी सगळं लिहायला त्यांची परवानगी आहे. माझं दापोलीत गॅरेज आहे. तीस वर्षांत हातात जुन्या गाड्या बऱ्याच आल्या, पण इंजिनाच्या जातीमुळे नेमकं काय होतं आणि आपल्या हातून काय होतं, हे मला सगळ्यात स्पष्ट या गाडीने दाखवलं.

लँडमास्टर १९५४ साली हिंदुस्थान १४ च्या जागी आली. रूप नवं होतं, इंजिन मात्र तेच १,४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह. सुरुवातीच्या अॅम्बेसेडरमध्येसुद्धा हेच इंजिन होतं. १९५९ मध्ये तिला १,४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन बसलं आणि पुढे लोकांच्या ओळखीची झाली ती अॅम्बेसेडर त्या इंजिनाची.

आजच्या गाडीत व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या आणि जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा, पिस्टनच्या वर, हेडमध्ये असतात. साइड व्हॉल्व्ह इंजिनात ते ब्लॉकमध्येच, म्हणजे सिलिंडर असलेल्या बिडाच्या ठोकळ्यातच, सिलिंडरच्या शेजारी, तोंड वर करून उभे असतात. खाली कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उचलणारा फिरता दांडा), तिच्यावर टॅपेट (मधला छोटा ठोकळा), टॅपेटवर सरळ व्हॉल्व्ह. पुशरॉड नाही, रॉकर नाही. हेड म्हणजे नुसतं जाड झाकण, त्यात चार प्लग. झिजायला भागच कमी. व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येत नाही, त्यामुळे तो उघडा अडकला किंवा टायमिंग चेन तुटली तरी पिस्टनवर आदळून नासधूस होत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, सातच्या आत; त्यामुळे बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, क्रँक यांच्यावर मार कमी. त्या काळचं हलकं पेट्रोलही चालायचं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं २.२ लिटरचं इंजिन याच जातीचं होतं आणि त्या जीपनी काय काय सोसलं ते सगळ्यांना माहीत आहे.

ज्या रचनेमुळे हे इंजिन टिकतं, त्याच रचनेत त्याची दुखणी आहेत. पेट्रोल-हवेचं मिश्रण खालून येतं, वर जाऊन वळतं आणि मग सिलिंडरवर पोहोचतं. जळालेला वायू त्याच वळणाने परत जातो. म्हणून इंजिनाला श्वास कमी. जळायची जागा आडवी, पसरट. ज्वाळेला लांब जावं लागतं, कॉम्प्रेशन वाढवलं की मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागतं. इंग्लंडच्या हॅरी रिकार्डोने पहिल्या महायुद्धानंतर हेडचा आतला आकार बदलून मिश्रणाला भोवरा दिला, त्यामुळे या जातीला आणखी तीसेक वर्षांचं आयुष्य मिळालं. पण एक गोष्ट त्यालाही बदलता येण्यासारखी नव्हती. एक्झॉस्टचा मार्ग ब्लॉकच्या पोटातून, सिलिंडरला लागून जातो. तापलेला वायू बाहेर पडेपर्यंत ब्लॉकला भाजत राहतो. ती उष्णता न्यायला एकच वाट, ब्लॉकमधलं पाणी. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह बंद होताना जिच्यावर घट्ट बसतो ती कडा) आणि सिलिंडर यांच्यामध्ये बिडाचा जो चिंचोळा पट्टा असतो, तो या सगळ्याचं मर्मस्थान.

अडचण सुरू झाली ती वादळात

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. मंडणगड-दापोलीत माड-पोफळी आडव्या झाल्या, घरांची कौलं उडाली. या गाडीची शेडही गेली. लॉकडाऊनमुळे मालकाला येता आलं नाही आणि गाडी अख्खा पावसाळा निळ्या प्लास्टिकखाली उभी राहिली.

डिसेंबरात मला बोलावलं तेव्हा हँडल मारून इंजिन हलत नव्हतं. मालकाचा चुलतभाऊ ट्रॅक्टर घेऊन तयार होता. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकायची आणि ओढायची, म्हणजे सुटेल, असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हटलं. गंजाने धरलेल्या पिस्टनच्या रिंगा ओढून सोडवल्या तर त्या सिलिंडरची भिंत खरवडूनच सुटतात.

प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण ओतलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. बाजूचं टॅपेट कव्हर उघडलं तर दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर अडकलेले, मार्गदर्शक नळीत गंजलेले. उघड्या व्हॉल्व्हमधून खारी हवा सहा महिने आत जात होती. स्प्रिंगला आधार देऊन, तेल सोडून, लाकडी मुठीने टकटक करत ते खाली आणले. नवव्या दिवशी हँडल फिरलं. अकराव्या दिवशी गाडी सुरू झाली. चारही सिलिंडर चालू लागले, सायलेन्सरमधून थोडा निळा धूर येऊन बंद झाला. मालकाच्या आई पडवीतून बघत होत्या, त्यांना रडू आवरेना.

पहिला निर्णय, जो चुकला

हेड न उघडता मी गाडी त्यांच्या ताब्यात दिली. या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ही आहे आणि ती माझी आहे.

साइड व्हॉल्व्ह इंजिनाचं हेड उघडणं म्हणजे नट सोडायचे आणि झाकण उचलायचं. टायमिंग हलत नाही, व्हॉल्व्ह जागेवर राहतात. अर्ध्या दिवसाचं काम. जुन्या काळी दर पंधरा-वीस हजार किलोमीटरला हेड उचलून कार्बन खरवडायची, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासायचे, ही रीतच होती. ते सोपं असावं म्हणूनच रचना तशी आहे. ती सोय हाताशी असून मी वापरली नाही, कारण इंजिन इतक्या गोड आवाजात चाललं होतं की उघडायचं मनात येईना. हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट जुन्या पद्धतीचं, तांब्याच्या पत्र्याचं. फाटलं तर दुसरं मिळायला वेळ लागेल हीही भीती होती.

रेडिएटर मी बाहेरून धुतला. ब्लॉकमधलं पाणी सोडलं, ते तांबूस आलं. ते स्वच्छ होईपर्यंत पाणी सोडलं आणि पुरे समजलो.

जानेवारी २०२१ मध्ये मालक गाडी घेऊन खेडला गेला. जाताना उतार, काही झालं नाही. परत दापोलीकडे चढताना अर्ध्या वाटेत ओढ कमी झाली, इंजिन ठोकू लागलं आणि बॉनेटमधून वाफ आली. त्याने गाडी थांबवली, ते बरोबर केलं. पण पाच मिनिटांतच रस्त्याकडेच्या घरातून कळशीभर गार पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतलं. गाडी पुन्हा सुरू झाली, पण तीनच सिलिंडरवर. टो करून माझ्याकडे आणली.

कॉम्प्रेशन गेज लावला. पहिले तीन सिलिंडर ९० ते १०० पौंड, चौथा ३५. आता हेड उघडलं. चौथ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट सीटपासून सिलिंडरच्या काठापर्यंत केसासारखी काळी रेघ. नखाला लागत नव्हती. रॉकेल लावून पुसलं, वर खडू फासला, तेव्हा दोन मिनिटांत खडूवर ओली रेघ उमटली.

कारण शोधताना

गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येकाने एकच सांगितलं, की या इंजिनांचा दोषच आहे, ती तापतातच, ओव्हरहेड टाका. ते अर्धं खरं आहे. अमेरिकेत फोर्डचं १९३२ चं प्रसिद्ध व्ही-८ इंजिनही साइड व्हॉल्व्ह होतं, एक्झॉस्ट ब्लॉकमधून आरपार न्यायचं आणि तापण्यासाठीच बदनाम होतं. पण ही गाडी डॉक्टरांनी तीस वर्षं याच चढावरून चालवली होती. मग तडा आत्ताच का? आणि मधले सिलिंडर, जिथे दोन एक्झॉस्ट शेजारी-शेजारी येतात आणि उष्णता खरी साठते, ते सोडून मागच्यालाच का?

आमच्या भागातले एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. ते आले, तडा पाहिला आणि इंजिनाबद्दल काही न विचारता मालकाच्या आईंना फोन लावायला सांगितला.

"भाभी, गाडीत पाणी कुठलं घालता?"

"आपल्याच विहिरीचं. मे महिन्यात जरा मचूळ लागतं, म्हणून प्यायला नळाचं घेतो आणि गाडीला विहिरीचं."

चाचांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मागचे वेल्श प्लग काढ."

वेल्श प्लग म्हणजे ब्लॉकच्या पाण्याच्या पोकळीला बाहेरून लावलेली पत्र्याची वाटी. मागची वाटी स्क्रूड्रायव्हर टेकताच आत गेली, इतकी कुजली होती. आत पाणी नव्हतंच, ओल्या कातासारखा घट्ट लाल गाळ होता. सायकलचा स्पोक आणि ब्रेकची केबल घालून मी तो दोन दिवस काढत होतो. ऑइलच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये जमा केला, तळ चार बोटं भरला. बिडाचा गंज आणि खाऱ्या पाण्याचा क्षार वर्षानुवर्षं रेडिएटरपासून सगळ्यात लांब, जिथे पाण्याची गती सगळ्यात कमी, तिथे साचला होता. म्हणजे चौथा सिलिंडर पाण्यात नव्हताच, चिखलात होता. मी डिसेंबरात सोडलेलं पाणी वरच्यावर फिरून स्वच्छ बाहेर आलं होतं.

म्हणून माझं मत असं बनलं, की तापण्याचं मूळ पाण्यात होतं. रचनेचा दोष एवढाच, की दुसऱ्या एखाद्या इंजिनाने हे दुर्लक्ष गॅस्केटवर निभावलं असतं, या इंजिनात ते ब्लॉकवर आलं. हेडला तडा गेला तर हेड बदलता येतं. इथे सीटच ब्लॉकमध्ये आहे.

कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय ओव्हरहेड इंजिनाचा. जुन्या अॅम्बेसेडरचं १,४८९ सीसीचं इंजिन चिपळूणला एका भंगारवाल्याकडे होतं. ताकद चाळीसच्या जागी पंचावन्न घोड्यांच्या आसपास, भाग सहज मिळतात, आणि या गाड्यांत ते बसवणारे मिस्त्री अजून आहेत. मालकाचा कल सुरुवातीला इकडेच होता, माझाही. पण इंजिन बदललं की आरसी बुकात नोंद बदलायची, हा एक प्रश्न. दुसरा त्याच वर्षी जुलैत आला. केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम काढले. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल नको. तशी नोंदणी घेतल्यावर रोजच्या वापराला मनाई, हे मालकाला जाचक वाटलं. तरी तो दरवाजा कायमचा बंद करायला तो तयार नव्हता. २२ जुलैला चिपळूणला पूर आला आणि ते इंजिनही गाळात गेलं. निर्णय पुराने घेतला असं लोक म्हणतात, पण मालकाचा विचार त्याआधीच बदलत होता.

दुसरा लँडमास्टर ब्लॉक पुण्याच्या जुन्या बाजारात सापडला, पण सिलिंडर शेवटच्या मापापर्यंत बोअर केलेले. तो सोडला.

वेल्डिंगचा पर्याय मला पसंत नव्हता. बिडाला वेल्डिंग करायचं तर अख्खा ब्लॉक तापवून, वेल्ड करून, सावकाश थंड करावा लागतो. त्यात सिलिंडर आणि टॅपेटची भोकं वाकडी झाली तर सगळंच गेलं.

थंड पद्धतीने पिना मारून तडा शिवणं हा उरलेला मार्ग. रेघेवर एकाला एक खेटून भोकं पाडायची, त्यात आटे असलेल्या पिना बसवायच्या, माथा कापून सपाट करायचा. उष्णता लागत नाही. कोल्हापूरला बिडाच्या कामाची पिढ्यान्पिढ्यांची जाण आहे, तिथे हे करणारे सापडले.

गाडी नुसती शोभेला ठेवावी असंही घरातल्या एकांनी सुचवलं. मालकाच्या आई म्हणाल्या, "चालणार असेल तर ठेवा. दारात मेलेली गाडी मला बघवणार नाही."

सीटचा निर्णय

सगळ्यात जास्त वाद झाला तो व्हॉल्व्ह सीटवर, म्हणून हे जरा सविस्तर.

या इंजिनात वेगळी सीट नसते, ब्लॉकच्या बिडातच ती कापलेली असते. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याचा थर मऊ सीटला राखायचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. तेव्हापासून जुन्या इंजिनांत एक्झॉस्ट सीट झिजून व्हॉल्व्ह खाली बसत जातो, ही भीती खरी आहे. कोल्हापूरच्या कारागिराचं म्हणणं, ब्लॉक आलाच आहे तर चारही एक्झॉस्टला कडक सीट घालून टाकू.

चाचांनी विरोध केला. सीट घालायची तर ब्लॉकमध्ये गोल खोबण कापावी लागते. ओव्हरहेड इंजिनात हे हेडमध्ये होतं, हेड फुकट गेलं तर दुसरं मिळतं. इथे खोबणीखाली पाण्याची पोकळी आहे आणि पासष्ट वर्षांच्या गंजाने मधली भिंत किती उरली ते बाहेरून दिसत नाही. कातणी पोकळीत घुसली तर ब्लॉक संपला. शिवाय ही गाडी पन्नासच्या वेगाने, वर्षाला दीड-दोन हजार किलोमीटर चालणार. मंद चालणाऱ्या इंजिनात सीट लवकर झिजत नाही.

मालकाने मला विचारलं, तुम्ही काय कराल? मी चौथ्याच एका सीटचा सल्ला दिला. तिथे तडा काढायला कापावं लागणारच होतं, आणि वर घट्ट बसवलेली सीट शिवणीचं तोंडही झाकते. बाकी तीनला हात लावला नाही.

प्रत्यक्ष काम

ब्लॉक आंबा घाटातून कोल्हापूरला गेला आणि दिवाळीनंतर परत आला. सात पिना बसल्या. सीट खोबणीपेक्षा तीन थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ) मोठी घेऊन, गार करून, कोमट केलेल्या ब्लॉकमध्ये ठोकली. गरम पाण्याने दाब देऊन तपासलं, घाम फुटला नाही.

हेड सरफेस प्लेटवर ठेवलं तर मध्ये दहा थाउ पोट आलेलं. इथे घाई केली असती तर पुन्हा फसलो असतो. ओव्हरहेड इंजिनाच्या सवयीने हेडला फेसिंग मारतात, म्हणजे कापून सपाट करतात, पण साइड व्हॉल्व्हमध्ये व्हॉल्व्ह उघडताना हेडच्या पोकळीत वर येतो. हेड जास्त कापलं की व्हॉल्व्ह झाकणाला लागतो. आम्ही गरजेपुरतं कापलं, मग घट्ट मळलेल्या कणकेची चकती प्रत्येक व्हॉल्व्हवर ठेवली, जुनं गॅस्केट घालून हेड आवळलं आणि हँडलने इंजिन दोनदा फिरवलं. हेड उचलून कणीक ब्लेडने कापली आणि जाडी मोजली. सगळ्यात पातळ जागी अडीच मिलिमीटर. पुरेसं होतं.

नवे वेल्श प्लग पितळेचे घातले. पाण्याच्या पोकळीत फॉस्फरिक अॅसिडचं सौम्य द्रावण दोनदा फिरवून धुतलं. रेडिएटरचा गाभा नवा भरून घेतला. पाणी डिस्टिल्ड, त्यात गंजरोधक कूलंट. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा रबरी पडदा बदलला, कारण पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर फुगलं होतं. हेडचे नट मधून बाहेर अशा क्रमाने तीन फेऱ्यांत आवळले आणि इंजिन तापून गार झाल्यावर पुन्हा.

परिणाम

फेब्रुवारी २०२२ पासून गाडी चालते आहे. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये ९५ ते १०५. सपाट रस्त्याला पन्नास-पंचावन्नला मजेत धावते, त्यापुढे दामटायची नाही. लिटरला नऊ किलोमीटर. एवढ्या मोठ्या इंजिनातून एवढीच ताकद आणि एवढं पेट्रोल, हा या जातीचा खर्च आहे आणि कोणत्याही दुरुस्तीने तो कमी होणार नाही. खेडचा चढ आता दुसऱ्या गिअरमध्ये न उकळता चढते. एप्रिलच्या दुपारी महामार्गाच्या कामात डंपरमागे रखडली तर मात्र अजूनही तापू लागते. म्हणून मालक पहाटे निघतो.

पुन्हा करायचं झालं तर

डिसेंबर २०२० मध्ये पहिल्याच दिवशी हेड उचलीन. गंजलेले व्हॉल्व्ह मग आंधळेपणाने नाही, डोळ्यांसमोर सुटले असते. वेल्श प्लगही तेव्हाच काढीन. किनाऱ्यावरच्या गाडीला हे दोन्ही केल्याशिवाय मी आता किल्ली परत देत नाही.

मालकाला पहिल्या फेरीआधी एक गोष्ट सांगायला हवी होती: उकळलेल्या गाडीत गार पाणी घालायचं नाही. बॉनेट उघडायचं, अर्धा तास सावलीत बसायचं, मग इंजिन चालू ठेवून थोडं थोडं घालायचं. ब्लॉक चिखलामुळे तापला, पण तडा कळशीनेच गेला, असं मला वाटतं. चाचांच्या मते तडा आधीच होता, कळशीने तो उघड केला. या एका मुद्द्यावर आमचं अजून जमलेलं नाही.

एकच सीट घालण्याचा निर्णय बरोबर होता का, हे हळूहळू कळतं आहे. दर मे महिन्यात मी टॅपेट कव्हर उघडतो आणि फिलर गेज घालून प्रत्येक व्हॉल्व्हची फट वहीत लिहितो. सीट झिजली की व्हॉल्व्ह खाली बसतो आणि ही फट कमी होते. चौथ्याची फट जशी लावली तशीच आहे. पहिल्याची आणि दुसऱ्याची गेल्या दोन वर्षांत मिळून दोन-दोन थाउने कमी झाली, तिसऱ्याची एकाने. ती पुन्हा लावून दिली. याच वेगाने गेलं तर अजून बरीच वर्षं नुसत्या पान्यावर भागेल. पण आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, आणि पुढच्या मे महिन्यात वहीतला आकडा काय येतो त्यावर ब्लॉक परत कोल्हापूरला न्यायचा की नाही, हे मालक आणि मी बसून ठरवणार आहोत.